गरोदरपणात मीठ जास्त झालं, आता बाळाच्या किडनीचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सत्ताविसावा आठवडा चालू आहे. आधीचे सहा महिने खारट खाण्याची विलक्षण ओढ होती आणि ती मनसोक्त भागवली. मग ‘आईने मीठ जास्त खाल्लं तर बाळाची किडनी कमजोर होते’ असं वाचनात आलं, धसका बसला आणि गेल्या आठ दिवसांपासून मीठ जवळपास बंद केलं. संध्याकाळी पाय सुजतात, तीही त्या मिठाचीच करणी असावी अशी शंका आहे. बाळाची किडनी खराब झाली असेल का, आणि आता काय करायचं?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. जास्त मीठ खाल्ल्याने पोटातल्या बाळाची किडनी ‘खराब’ होत नाही. फार तर तिच्या बांधणीत थोडा फरक पडू शकतो, आणि तो बहुतांशी प्राण्यांत दिसलेला आहे. मीठ मात्र आजपासून परत सुरू करा. मोजून खा, पण बंद ठेवू नका. तुमच्या डॉक्टरांनी किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारासाठी मीठ तोडायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही. मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहे. जास्त मिठाने घाबरलेल्या गरोदर बायका मला जितक्या भेटतात, तितक्याच घाबरून अळणी खाणाऱ्याही भेटतात. दुसऱ्या गटाची मला जास्त काळजी वाटते, कारण आपण बाळासाठी काहीतरी चांगलं करतोय अशा समजुतीत त्या असतात.

आता कारणं. पोटातल्या बाळाच्या किडनीला रक्त शुद्ध करण्याचं काम जवळजवळ नसतंच. ते काम वार (प्लॅसेंटा) करते. बाळाच्या रक्तातली घाण वारेतून आईच्या रक्तात जाते आणि आईची किडनी ती बाहेर टाकते. म्हणूनच दोन्ही किडन्या तयार न झालेल्या बाळाचंही क्रिएटिनिन (रक्तात घाण किती साठली ते दाखवणारा आकडा) जन्माच्या क्षणी आईइतकंच, म्हणजे ‘नॉर्मल’ येतं. बाळाची किडनी पोटात लघवी मात्र करते, आणि विसाव्या आठवड्यानंतर बाळाभोवतीचं गर्भजल बहुतेक करून ती लघवीच असते. तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पाण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते पुरेसं असेल तर बाळाची किडनी लघवी तयार करतेय, एवढं त्यावरून कळतं.

किडनीचं पोटातलं खरं काम म्हणजे स्वतःला बांधणं. किडनीत बारीक बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी आणि तिला जोडलेली नळी मिळून एक नेफ्रॉन होतो. गाळणीचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांनी जेमतेम ठिपका दिसेल इतकाच. मोठ्या माणसाच्या दोन्ही किडन्यांतल्या अशा गाळण्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. हे नेफ्रॉन नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास तयार व्हायला लागतात आणि ३४ ते ३६ आठवड्यांत काम संपतं. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. जन्माला येताना जेवढी पुंजी, तेवढ्यावर जन्म काढायचा. त्यातही साठ टक्क्यांच्या आसपास नेफ्रॉन शेवटच्या तीन महिन्यांत घडतात.

आता तुमचा आठवडा बघा. सत्ताविसावा. म्हणजे मागच्या सहा महिन्यांत मीठ जास्त झालं म्हणून जे गेलं असं तुम्हाला वाटतंय, त्यातलं बरंचसं अजून घडायचंच आहे. आणि नेमक्या याच वेळी तुम्ही मीठ तोडलंत.

सगळ्यांचे नेफ्रॉन सारखे नसतात. एका किडनीत कोणाकडे दोन-अडीच लाख असतात, तर कोणाकडे वीस लाखांच्याही वर. सरासरी नऊ-दहा लाखांच्या घरात. इतका फरक शरीरातल्या फार थोड्या गोष्टींत असतो. १९८८ मध्ये अमेरिकेतले मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली: ज्यांच्याकडे नेफ्रॉन कमी, त्यांच्या प्रत्येक गाळणीवर जास्त बोजा पडतो, तिच्यातला दाब वाढतो, ती फुगते आणि काही वर्षांनी निकामी होते. मग उरलेल्यांवर आणखी बोजा पडतो, सोबत रक्तदाबही वाढत जातो. बरीच वर्षं ही कल्पनाच राहिली, कारण जिवंत माणसाचे नेफ्रॉन मोजायची सोय नव्हती. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात दगावलेल्या मध्यमवयीन माणसांच्या किडन्या तपासल्या गेल्या: दहा रक्तदाबवाले आणि त्याच वयाचे, बांध्याचे दहा बिनरक्तदाबवाले. पहिल्या गटात एका किडनीमागे सुमारे ७ लाख गाळण्या निघाल्या, दुसऱ्यात १४ लाख. माणसं वीसच, पण फरक दुपटीचा. शिवाय पहिल्या गटातल्या गाळण्या आकाराने मोठ्या होत्या.

हे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तेव्हा लगेच ओळखू येतं. एरवी बायोप्सीच्या तुकड्यात गाळण्या कशा, दाण्यांसारख्या जवळ जवळ बसलेल्या असतात. काही पेशंटच्या तुकड्यात त्या विरळ दिसतात, दोघींत भरपूर मोकळी जागा, आणि असलेली प्रत्येक गाळणी सुजल्यासारखी टपोरी. अशा पेशंटला मी एकच प्रश्न विचारतो: जन्माच्या वेळी वजन किती होतं? दहांतल्या आठ जणांना ते माहीत नसतं. आई सोबत असली तर ती पटकन सांगते, ‘हा फारच लहान झाला होता.’

जन्मवजनाचा आणि नेफ्रॉनचा संबंध चांगला पक्का आहे. वजन एक किलोने जास्त असेल तर एका किडनीत सरासरी अडीच लाखांहून थोड्या जास्त गाळण्या, असा हिशेब शवविच्छेदनांच्या अभ्यासातून निघाला आहे. कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे किडनीचा दीर्घ आजार होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी जास्त असतो. घाबरू नका: मुळात धोका लहान, त्याच्या ७० टक्के जास्त. पण बाळाच्या किडनीसाठी काय करायचं याचं खरं उत्तर या आकड्यात आहे: बाळ पुरत्या दिवसांचं आणि पुरेशा वजनाचं व्हायला हवं. मीठ त्यातला एक धागा आहे, आणि तोही सगळ्यात जाड नव्हे.

तुम्ही जे वाचलंत ते बहुधा उंदरांवरच्या प्रयोगांवरून आलेलं असणार. ते प्रयोग खोटे नाहीत. गाभण मादीला भरपूर मिठाचं खाद्य दिलं की पिल्लांच्या किडनीत गाळण्या कमी भरतात, आणि मोठेपणी, विशेषतः नर पिल्लांचा, रक्तदाब चढतो. मेंढ्यांतही असंच आढळलं आहे: खारट चाऱ्यावर ठेवलेल्या मेंढ्यांच्या कोकरांत गाळण्या कमी आणि मोठ्या. मेंढीचा पुरावा मला जास्त बोलका वाटतो, कारण माणसासारखेच तिच्या पिल्लाचे नेफ्रॉन जन्माआधी पुरे होतात. उंदराचं तसं नाही. त्याच्या पिल्लाची किडनी जन्मानंतर आठ-दहा दिवस घडतच असते, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या मादीचं खाद्यही त्यात येतं.

पण बातमीत जे येत नाही ते असं: २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्याच एका नीट आखलेल्या अभ्यासात तीन गट होते. एका गटातल्या माद्यांना फार कमी मीठ, दुसऱ्यातल्यांना मध्यम, तिसऱ्यातल्यांना जास्त. गाळण्या कमी भरल्या त्या पहिल्या गटात आणि तिसऱ्या गटातही. नर पिल्लांचा रक्तदाबही दोन्ही टोकांना वाढला. मध्यम मिठाची पिल्लं सगळ्यांत बरी. म्हणजे ‘मीठ वाईट, म्हणून बंद’ हा निष्कर्ष ज्या विज्ञानाच्या आधारे काढला जातो, ते विज्ञान स्वतः तसं म्हणत नाही.

दोन्ही टोकांना असं का व्हावं? किडनी घडवण्याचं काम रेनिन आणि अँजिओटेन्सिन या शरीरातल्याच दोन रसायनांच्या जोडीवर बरंच अवलंबून असतं. मोठ्या माणसात आपण त्यांना रक्तदाब वाढवणारे म्हणून ओळखतो, पण गर्भात ते गवंड्याचं काम करतात. याचा सगळ्यात कठोर पुरावा औषधांनी दिला आहे. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या ही जोडी अडवतात, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन वगैरे, त्या गरोदरपणाच्या मधल्या-शेवटच्या महिन्यांत घेतल्या गेल्या तर बाळाच्या किडनीच्या नळ्या नीट बनत नाहीत, लघवी होत नाही आणि गर्भजल आटतं. म्हणून त्या गोळ्या गरोदरपणात वर्ज्य आहेत. मीठ जास्त झालं की शरीर रेनिन दाबतं. हा परिणाम औषधाच्या तुलनेत अगदी सौम्य, पण दिशा तीच. आणि मीठ फार कमी पडलं तर आईचं रक्त पुरेसं वाढत नाही, वारेला रक्त कमी पोचतं, बाळ लहान राहतं. उंदरांत अळणी खाद्यावरच्या माद्यांची पिल्लं वजनाने कमी भरली आहेत.

उंदरांना दिलेलं ‘जास्त’ मीठ म्हणजे किती, हेही बघायला हवं. खाद्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांपासून ८ टक्क्यांपर्यंत. माणूस दिवसाला पाणी वगळून साधारण अर्धा किलो अन्न खातो असं धरलं तर ८ टक्के म्हणजे ४० ग्रॅम मीठ. एवढं कोणी खात नाही, ते सोडून द्या. ३ टक्के म्हणजे १५ ग्रॅम. हा आकडा मी सोडून देणार नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातला प्रौढ माणूस सरासरी १०.८ ग्रॅम मीठ रोज खातो, आणि ज्याला खारटाची ओढ आहे तो सहज १५ ला पोचतो. तेव्हा ‘उंदरांचे प्रयोग आपल्याला लागू नाहीत’ म्हणून हात झटकणंही बरोबर नाही.

माणसांत असे गट पाडून मुलांचे नेफ्रॉन मोजता येत नाहीत. जे हाती आहे ते आडवळणाने. डेन्मार्कमधल्या साठ हजारांहून जास्त गरोदर बायकांच्या नोंदींत, सर्वांत जास्त सोडियम (मिठातला घटक) खाणाऱ्यांना गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ५४ टक्क्यांनी आणि प्रीएक्लॅम्पसियाचा (गरोदरपणात बीपी वाढून बहुधा लघवीतून प्रोटीन जाण्याच्या आजाराचा) २० टक्क्यांनी जास्त दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. पण प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे बऱ्याचदा लवकर बाळंतपण, म्हणजे लहान बाळ, म्हणजे कमी नेफ्रॉन. माझ्या मते आईच्या मिठाचा बाळाच्या किडनीशी सर्वांत मोठा संबंध याच वाटेने येत असावा.

दुसरा पुरावा जन्मानंतरचा आहे, पण मला तो फार आवडतो. १९८० च्या सुमारास हॉलंडमध्ये ४७६ तान्ह्या बाळांचे दोन गट केले. पहिले सहा महिने एका गटाला नेहमीइतकं सोडियम, दुसऱ्याला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब २.१ ने कमी होता. पंधरा वर्षांनी त्यांतली जी मुलं सापडली त्यांना परत तपासलं, तेव्हा फरक ३.६ झाला होता, आणि मधली सगळी वर्षं दोन्ही गट घरचं जेवणच जेवत होते.

आता उलट बाजू. गेल्या शतकात कित्येक वर्षं डॉक्टर सूज दिसली की गरोदर बाईचं मीठ तोडायचे. ‘पाय सुजले, मीठ बंद’ हे वाक्य आपल्या आज्या ऐकत आल्या, त्याचं मूळ हे. १९५८ मध्ये लंडनमध्ये दोन हजारांवर गरोदर बायकांना आळीपाळीने जास्त किंवा कमी मीठ खायला सांगितलं गेलं, आणि प्रीएक्लॅम्पसियाचा त्रास कमी झाला तो जास्त मीठवाल्यांना! त्या अभ्यासाची आखणी आजच्या कसोटीला उतरणारी नाही, म्हणून त्यावरून कोणी मीठ वाढवू नये. पण पुढे हॉलंडमधल्या दोन चाचण्यांत मिळून ६०३ बायकांवर मीठ कमी करून पाहिलं, तर प्रीएक्लॅम्पसिया टळला असं काही दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आज स्पष्ट सांगते की प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यासाठी म्हणून गरोदरपणात मीठ तोडू नये.

याचं कारण शरीरात आहे. गरोदरपणात रक्तातलं पाणी ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, आणि ते धरून ठेवायला सोडियम लागतं. नऊ महिन्यांत शरीर जे सोडियम साठवतं ते मिठाच्या हिशेबाने ५०-५५ ग्रॅम होतं. रोजचा वाटा पाव ग्रॅमसुद्धा नाही, त्यासाठी वेगळं मीठ खायची गरज नाही. नेहमीच्या मापाच्या जेवणातून ते आरामात मिळतं. अळणी जेवणातून मात्र शरीराला ओढाताण करून जमवावं लागतं.

तुमच्या सुजेबद्दल. दिवसभर पाय खाली ठेवून संध्याकाळी घोट्याशी येणारी आणि सकाळी उतरलेली सूज बहुतेक गरोदर बायकांना येते. वाढलेलं पाणी आणि गर्भाशयाचा शिरांवरचा दाब, दोन्ही मिळून ती आणतात. डाव्या कुशीवर झोपा, बसताना पाय वर ठेवा. पाणी कमी पिऊ नका, आणि लघवी वाढवणारी गोळी तर स्वतःहून अजिबात घेऊ नका. पण चेहरा किंवा हात अचानक सुजले, एकाच पायाला सूज आणि दुखणं आलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमचमतंय, बरगडीखाली उजवीकडे दुखतंय, किंवा बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हो, त्या वेळी लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगा.

मग मीठ किती? गरोदर असो वा नसो, प्रौढांसाठी शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. ‘सगळं मिळून’ यातच मेख आहे. स्वयंपाकात घातलेलं, ताटात वरून घेतलेलं आणि पाकिटांतून येणारं, तिन्ही धरून. पाकिटावर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आणि आकडा १०० ग्रॅममागे दिलेला आहे की एका वाढणीमागे, तेही बघा. तुम्ही पाकिटातलं आणि वरून घेतलेलं मीठ थांबवलंत, स्वयंपाकात मात्र नेहमीच्या बेताने घातलंत, तर बहुतेकदा मापात येता. जिभेला दोन-तीन आठवडे फिकं लागेल, मग लागणार नाही.

औषधांतलं सोडियम कोणाच्या लक्षात येत नाही. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉलची एक गोळी साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम देते, म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसाला चार घेतल्या की जवळजवळ पूर्ण दिवसाचा कोटा. साधी, गिळायची गोळी घ्या. ॲसिडिटीसाठी पाण्यात खायचा सोडा घालून पिणाऱ्याही भेटतात. एका चहाच्या चमच्याभर सोड्यात सुमारे १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं. छातीत जळजळतं त्यावर गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं आहेत, ती विचारून घ्या.

मीठ आयोडीनयुक्तच वापरा. गरोदरपणात आयोडीनची गरज वाढून रोज २५० मायक्रोग्रॅम होते आणि बाळाचा मेंदू त्यावर वाढतो. मीठ एकदम तोडणाऱ्या बायकांचं आयोडीनही सोबत तुटतं, हे कोणी सांगत नाही. सैंधव किंवा गुलाबी मिठात सोडियम जवळपास तेवढंच असतं, आयोडीन मात्र सहसा घातलेलं नसतं, तेव्हा त्यात काही कमाई नाही. पोटॅशियमवालं ‘कमी सोडियमचं’ मीठ किडनीचा आजार असेल किंवा काही ठरावीक औषधं चालू असतील तर धोक्याचं ठरू शकतं, ते विचारल्याशिवाय आणू नका. ज्यांच्या किडनीतून किंवा ॲड्रिनल ग्रंथीच्या (किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथीच्या) दोषामुळे मीठ वाहून जातं, अशा थोड्या बायका असतात. त्यांना मीठ जास्तच लागतं आणि वरचा ५ ग्रॅमचा हिशेब त्यांच्यासाठी नाही.

राहिलं बाळ. आतापासून ३६ व्या आठवड्यापर्यंत त्याच्या किडनीसाठी मिठापेक्षा जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी म्हणजे तुमचं बीपी आणि साखर ताब्यात असणं, पुरेशी प्रथिनं, रक्त कमी असेल तर ते भरून काढणं, तंबाखूपासून पूर्ण लांब राहणं आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या न घेणं. या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाची लघवी कमी करून गर्भजल घटवू शकतात. सोनोग्राफीत बाळाच्या किडनीचा नरसाळ्यासारखा भाग थोडा फुगलेला आहे असं पुढे कधी आलं तर मिठाला दोष देऊ नका. ते बऱ्याच बाळांत दिसतं, बहुतेकदा आपोआप जातं आणि त्याचा मिठाशी संबंध नाही.

जन्मल्यावर लगेच क्रिएटिनिन करून घ्यायचा हट्टही नको. पहिल्या दिवशी येणारा आकडा तुमचाच असतो, बाळाचा नव्हे. पुरत्या दिवसांच्या बाळात तो आठ-पंधरा दिवसांत उतरत ०.३-०.४ ला येतो. अडीच-तीन किलोच्या निरोगी बाळाला किडनीच्या वेगळ्या तपासणीची गरज नाही. तीन वर्षांचं झालं की वर्षातून एकदा बीपी मोजायचं, ते सगळ्याच मुलांचं मोजायला हवं. बाळ ३२ आठवड्यांच्या आत झालं किंवा फारच कमी वजनाचं झालं तर बीपी त्याआधीपासून बघतात आणि अधूनमधून लघवीतलं प्रोटीनही.

आणि बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर दोन आकडे ठळक लिहून ठेवा: जन्मवजन आणि जन्म किती आठवड्यांचा. तिशीत बीपी वाढलं म्हणून ते माझ्यासारख्या कोणासमोर बसेल, तेव्हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असेल.